मदत हवी आहे: ३ टीबीची हार्डडिस्क ७४६ जीबीच दाखवतेय

उदगीरचा फोटोवाला:
डिस्क ३ टीबीची, दाखवतेय ७४६ जीबी. वर 'इनिशियलाइज करा' म्हणतंय. आत दोन लग्नं आहेत, परवा अल्बम लातूरला छापायला द्यायचाय. डोकं चालंना. लवकर सांगा.

परभणी आयटी:
विंडोज कोणतं? डिस्क थेट मदरबोर्डला लावलीय की यूएसबीनं? आधी कुठं चालत होती?

नांदेडचा बाळू:
फॉरमॅट मारा भाऊ. माझी अशीच झाली होती, सगळी जागा परत आली.

परभणी आयटी:
बाळूभाऊ, आत लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत. फॉरमॅट काय सांगता?

बीडकर काका:
बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिलिंडर (डिस्कवरचे गोल ट्रॅक), हेड (वाचणारी टोकं), सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) हातानं भरून बघ. आम्ही तसंच करायचो. १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. झाले ५२८ एमबी, त्यापुढं मशीन जायचंच नाही.

परभणी आयटी:
काका, तो हिशोब बरोबर, पण त्या काळाचा. खळ्यावर तिवड्याजवळचा बैल कमी चालतो, कडेचा जास्त. तसंच डिस्कवर बाहेरचा ट्रॅक लांब, त्यात सेक्टर जास्त बसतात. सगळीकडं ६३ नसतातच. आता प्रत्येक सेक्टरला ० पासून सलग नंबर, त्यालाच एलबीए म्हणतात. कोणता नंबर कुठल्या ट्रॅकवर, ते डिस्कचं डिस्क बघते.

जालना ८२:
एसएसडी घ्या, कटकट मिटते. आमच्याकडं लाइट सारखी जाते, दोन डिस्क त्यातच गेल्या. यूपीएस कोणता चांगला?

उदगीरचा फोटोवाला:
यूपीएस राहू द्या हो! विंडोज ७. डिस्क मोठ्या भावाच्या पीसीत आत बसवलेली होती, नीट चालायची. मी काढून जुन्या यूएसबी डॉकमध्ये (डिस्क बाहेरून यूएसबीनं जोडायच्या खोक्यात) लावली.

परभणी आयटी:
हे आधी सांगायचं ना दादा! डॉकच अडतोय. त्याचा सेक्टर नंबर ३२ बिटचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटी सेक्टर. गुणिले ५१२, झाले २१९९ अब्ज बाइट. तिथं मोजणी संपून परत शून्यापासून सुरू होते. तुमची ३ टीबी म्हणजे ३००० अब्ज बाइट, त्यातून २१९९ गेले, उरले ८०१ अब्ज. विंडोज हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजतं, त्या मापात तेच तुमचे ७४६ जीबी. इनिशियलाइजला हात लावू नका, सुरुवातीच्या सेक्टरांवर नवा पार्टिशन टेबल लिहिला जाईल. भावाच्या पीसीला साटा केबलनं जोडा.

उदगीरचा फोटोवाला:
जोडली. २.७२ टीबी दिसतेय, दोन्ही लग्नं जशीच्या तशी. कॉपी चालू आहे. लई उपकार झाले दादा.

नांदेडचा बाळू:
डॉक विकायचा का? माझ्याकडं ५०० जीबीच्याच डिस्क आहेत.