झेड पर्लिनला आयएस ८०१ लावायचा की एआयएसआय?

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळच्या एका कारखान्याच्या शेडचं डिझाइन करतोय. कॉलम-राफ्टर हॉट-रोल्ड आयएसएमबीचे, ते आयएस ८०० : २००७ (पोलादी बांधकामाचा सर्वसाधारण भारतीय कोड) ने लिमिट स्टेटमध्ये, म्हणजे भार फॅक्टरने वाढवून, बसवले. घोडं अडलंय पर्लिनपाशी, म्हणजे छपराचा पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या तुळयांपाशी. सहा मीटरचा बे (दोन फ्रेममधलं अंतर), २०० × ६० × २० × २ मिमीची गॅल्व्हनाइज्ड झेड, यील्ड ३४५ एमपीए. वाऱ्याच्या उचलीला ती आयएस ८०१ : १९७५ (थंड स्थितीत वाकवलेल्या, म्हणजे कोल्ड-फॉर्म्ड, पातळ सेक्शनचा भारतीय कोड) ने पास होते, पुरवठादाराच्या एआयएसआय एस१०० (त्याच कामाचा अमेरिकन कोड) च्या गणितात नापास. तपासणारे कन्सल्टंट म्हणतात, भारतीय कोडच हवा.

पण ८०१ जुन्या अमेरिकन कोडवर बेतलेला, वर्किंग स्ट्रेसचा, म्हणजे न वाढवलेले भार परवानगी स्ट्रेसशी ताडणारा. लिपसकट (कडेच्या दुमडीसकट) फ्लँज वळतो त्या डिस्टॉर्शनल बकलिंगचा त्यात विचारच नाही. नुसतं पास आलं म्हणून सही करायला मन धजत नाही, खाली माणसं काम करणार आहेत. मग कोणता धरू?

शिवाय ब्रेसिंगच्या ४ मिमी चौकोनी ट्यूब (आयएस ४९२३) कोल्ड-फॉर्म्डच आहेत. त्यांनाही ८०१ का?

प्रतिसाद

ट्यूबला ८००च वापरा. त्याच्या तक्ता १० मध्ये पोकळ सेक्शन आहेत: हॉट-रोल्डला बकलिंगचा 'ए' वक्र, कोल्ड-फॉर्म्डला 'बी'. फक्त भिंतीची रुंदी भागिले जाडी मर्यादेत आहे ना, ते बघा. सेक्शन स्लेंडर (भिंत फारच पातळ) निघाला तर इफेक्टिव्ह सेक्शनसाठी कलम ३.७.२ स्वतःच ८०१ चं नाव घेतं.

पर्लिनचं म्हणाल तर, ८०१ मध्ये वाऱ्यासाठी स्ट्रेस ३३ टक्के वाढवून घेतलाय का? ती सवलत एस१०० मध्ये नाही. एरवी ८०१ चा ०.६ एफवाय (यील्डच्या ०.६ पट) आणि एस१०० चा १.६७ हा सुरक्षा गुणक जवळपास एकच. मी एस१०० ची एएसडी (परवानगी ताकदीची) पद्धत घेईन, भार आयएस ८७५ (भारांचा भारतीय कोड) चे, फॅक्टर न लावता. ८०० चे १.५ ने वाढवलेले भार ८०१ च्या परवानगी स्ट्रेसशी मात्र कधीच ताडू नका, दोन्हीकडची सुरक्षितता एकात एक मिसळते.

उचलीत खालचा फ्लँज दाबात जातो आणि पत्रा धरतो फक्त वरच्याला. सॅग रॉड (पर्लिन एकमेकींना बांधणाऱ्या सळ्या) खालच्या फ्लँजजवळही हवेत.

धागाकर्ता

हो, ३३ टक्के धरलेत. सवलत काढून पाहिलं, तर ८०१ नेही नापास! आता दोन्ही गणितं कन्सल्टंटसमोर ठेवतो. कडेच्या आणि कोपऱ्यातल्या भागात उचल जास्त आहे, तिथे २.५ मिमी झेड घ्यावी की पर्लिनमधलं अंतर कमी करावं? साइटवर काय सोयीचं पडतं?