मदत हवी आहे : वाऱ्यात कमी गॅस खाणारा स्टोव्ह कोणता घ्यावा?

मंडळी, पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर आम्ही चौघे मुक्कामी जाणार आहोत. मसाई पठारावर आडोसा नाही आणि तिथला वारा तुम्हाला माहीतच आहे. ज्योत भांड्याखालून बाजूला पळते, पाणी कोमटच राहतं आणि गॅस मात्र संपत जातो.

सध्या गॅसच्या कॅनवर थेट बसणारा छोटा बर्नर आहे. त्याला चारी बाजूंनी पत्रा लावला तर कॅन तापून फुटायचा धोका असतो. कृपा करून कुणीच तसं करू नका.

म्हणून दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, नळीने कॅनपासून लांब राहणारा स्टोव्ह. त्याला पूर्ण आडोसा करता येतो, बैठकही रुंद असते, त्यामुळे चौघांच्या भाताचं पातेलं डगमगणार नाही. दुसरा, एमएसआर विंडबर्नरसारखा. त्यात उघडी ज्योत नसते, भांड्याच्या बुडाला उष्णता धरणाऱ्या पट्ट्या असतात. पाणी उकळायला उत्तमच, पण भात खाली लागतो का? कुणी शिजवून बघितलाय का?

थंडीची मला तेवढी काळजी नाही. कॅनमधल्या ब्यूटेनचा (द्रवरूपात भरलेला गॅस) वायू व्हायचा थांबतो तो शून्य अंशाच्या आसपास, आणि आपल्याकडे पारा तितका उतरत नाही. तरी पहाटे जळता कॅन स्वतःच गार पडतो, तेव्हा प्रोपेन मिसळलेला गॅस घेतल्यानं खरंच फरक पडतो का?

आणि स्क्रूचे 230 ग्रॅमचे कॅन कोल्हापुरात कुठं मिळतात, की पुण्याहूनच आणावे लागतात?