एसीपीच्या (भिंतीवर लावतात त्या अॅल्युमिनियमच्या पॅनलांच्या) मागं पाणी साठतंय: सगळे सांधे पुन्हा सिलिकॉननं भरावेत का?

रंकाळा_पश्चिम
कोल्हापुरात ताराबाई पार्कात १२ मजली इमारत आहे. पश्चिमेच्या भिंतीला एसीपी, मागं ५० बाय ५० मिमीचा एमएस बॉक्स (पॅनल धरणारी लोखंडी चौकोनी नळी), त्यामागं गिलावा केलेली एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत. ४थ्या आणि ८व्या मजल्यावर खिडकीच्या वर बीमला लागून ओल येते, बाकी मजले कोरडे. पाऊस उघडला तरी दोन दिवस डाग पसरतच राहतो. ठेकेदार म्हणतो, झुला (दोरावरचा लटकता पाळणा) बांधून पॅनलांमधले सगळे सांधे खरवडू आणि नवीन सिलिकॉन मारू. साधारण १८०० रनिंग मीटर काम आहे. करावं का?

ओळंबा
आत्ता करू नका. पाऊस थांबल्यावर डाग पसरतो, म्हणजे पाणी आत कुठंतरी तुंबून बसलंय. १८०० मीटर सांध्यात बोटभर जागा कुठंतरी सुटणारच, आणि जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा, त्या भिंतीवर पाऊस आडवाच बसतो. पॅनलमागं पाणी जाणार हे धरूनच चालायचं. प्रश्न ते खाली उतरून बाहेर पडतंय का, एवढाच. नवीन सिलिकॉननं उरलीसुरली वाटही बुजेल.

४थ्या आणि ८व्यावरच ओल आहे तर तिथं पॅनल आणि भिंतीमधल्या पोकळीत काहीतरी आडवं असणार. खिडकीच्या बरोबर वरचा, बीमच्या पातळीचा एक पॅनल उघडा. बहुतेक दोनपैकी एक दिसेल. आडवा बॉक्स गिलाव्याला चिकटून बसवलेला, त्याच्या माथ्यावर गाळ आणि गंजाची रेघ. तो बॉक्स म्हणजे पाण्याला फळीच झाली. तिथून पाणी ब्रॅकेटवर, ब्रॅकेटवरून अँकरच्या भोकात आणि भोकातून एएसीत. किंवा मग आग रोखायला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा लावून वर रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) गच्च कोंबलेलं असेल.

उपाय त्या पट्ट्यापुरताच. बॉक्सच्या वर १५० मिमी उंचीवर गिलाव्यात १० मिमीची खाच मारा. त्यात १ मिमी एसएस ३०४ चा (स्टेनलेस स्टीलचा) वाकवलेला पत्रा अडकवा. तो बॉक्सवरून बाहेर उतरता आणून पॅनलच्या तोंडापुढं १५ मिमी काढा आणि टोक खाली वळवा. जोडावर १०० मिमी ओव्हरलॅप, मध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी). दोन्ही शेवटांना पत्रा वर वळवून ५० मिमीची पाळ करा, नाहीतर पाणी कडेनं निसटून शेजारच्या खिडकीवर जातं. उभे बॉक्स जिथं पत्र्याला छेदतात, तिथं काम हमखास बिघडतं. नुसता सिलिकॉनचा गोळा चोपडून चालत नाही, प्रत्येक बॉक्सभोवती ब्युटाइलची वेगळी कॉलर हवी. खाच भरण्याआधी अँकरची भोकंही पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं बुजवून घ्या.

गिलावा_पक्का
एवढं कशाला? पट्ट्याच्या वरच्या पॅनलला खालून ६ मिमीची भोकं पाडा, पाणी निघून जाईल.

ओळंबा
६ मिमीच्या भोकात पाणी चिकटून राहतं, खाली पडतच नाही. त्यात धूळ आणि कबुतराचं पीस. ८ बाय ४० ची खाच, दर ६०० मिमीवर एक, एवढं तरी पाहिजे. शिवाय पाणी पॅनलकडं आणणारा पत्राच मागं नसेल तर भोकाचा उपयोग काय? पाणी भिंतीलगतच राहणार.

रंकाळा_पश्चिम
८व्या मजल्यावरचा पॅनल उघडला. रॉकवूलच निघालं, पिळलं तर पाणी गळतंय. पोकळी ७५ मिमी, पूर्ण भरलेली. काढून टाकू का?

निळा_झुला
काढून मोकळं ठेवू नका! लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली ७२ माणसं गेली, त्यात क्लॅडिंगमागच्या पोकळीनं आग वर चढायला मोठा हात दिला. तुमच्या पॅनलचा तुकडा कापून गाभाही बघून घ्या. साधा प्लास्टिकचा असेल तर गळतीपेक्षा ते दुखणं मोठं आहे.

पोकळीतून पाणी आणि हवा जाऊ देणारा, पण आग अडवणारा अडथळा मिळतो. रॉकवूलची पट्टी भिंतीला घट्ट, बाहेरच्या कडेला फुगणारी पट्टी आणि तिच्यापुढं साधारण २५ मिमी फट. उष्णता लागली की पट्टी फुगून फट बंद करते. तुमच्या ७५ मध्ये म्हणजे ५० ची पट्टी आणि २५ ची फट. मात्र चाचणी-प्रमाणपत्रात जेवढी पोकळी आणि फट लिहिलीय तेवढीच ठेवायची, साइटवर कापून जुळवाजुळव नको. ओळंबा यांचा पत्रा या पट्टीच्या वर येऊ द्या, म्हणजे रॉकवूल पुन्हा भिजणार नाही. पत्र्यामुळं खालच्या पोकळीची वरून येणारी-जाणारी हवा तुटते, म्हणून त्याच्या खालच्या पॅनलच्या माथ्याशीही १० मिमी फट मोकळी सोडा. अडथळा खरं तर प्रत्येक मजल्यावर हवा, तेव्हा बाकीच्या मजल्यांवर काय आहे तेही या निमित्तानं बघा.

ओळंबा
काम दिवाळीनंतर घ्या. ओल्या पृष्ठावर ब्युटाइल धरत नाही आणि आर्द्रा-मघाच्या पावसात झुल्यावर माणूस चढवायचाही नाही. बिल देण्याआधी पाइपनं चाचणी घ्या. दाब दर चौरस सेंमीला २ ते २.५ किलो, नोझल सांध्यापासून ३०० मिमी, दीड मीटर लांबीला ५ मिनिटं, आणि सुरुवात तळापासून वर. वरून सुरू केलंत तर पाणी कुठल्या सांध्यातून शिरलं हे कळणारच नाही. आत एक जण टॉर्च घेऊन बसवा, आणि बाहेर पत्र्याच्या टोकावरून धार पडते का बघा. धार पडली नाही आणि आतही कोरडं आहे, तर पाणी पुन्हा कुठंतरी अडलेलं असू शकतं.