सह्याद्रीतील प्रस्तरारोहणाचा अनुभव वॉसाच पर्वतातील बॅककंट्री स्कीइंगला कितपत उपयोगी पडतो?

कातळवाट:

नमस्कार. आम्ही दोघे मूळचे पुण्याचे असून नोकरीनिमित्त गेल्या वर्षी अमेरिकेतील युटा राज्यात, वॉसाच पर्वताच्या पायथ्याच्या सॉल्ट लेक सिटी येथे राहायला आलो. पुण्यात असताना ड्यूक्स नोज, तैलबैला, लिंगाणा अशा ठिकाणी आम्ही नियमित प्रस्तरारोहण करत होतो आणि लीड करण्याची, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढण्याची, सवय दोघांनाही आहे. इथे आल्यावर उन्हाळ्यात लिटल कॉटनवुड कॅन्यनमधील ग्रॅनाइटवर चढाई सुरू केली. सह्याद्रीच्या ठिसूळ बेसाल्टवर हाताला येणारी प्रत्येक पकड आधी ठोकून पाहावी लागते; इथे बऱ्याच ठिकाणी पकडच नसते आणि निव्वळ बुटाच्या घर्षणावर विश्वास टाकून उभे राहावे लागते. हे अंगवळणी पडायला वेळ लागला, पण आता बरे जमते.

अडचण अशी की, चढाईला जे सोबती मिळाले ते सगळे नोव्हेंबर लागताच दोर गुंडाळून ठेवतात आणि स्की बाहेर काढतात. पहाटे चारला निघायचे, स्कीच्या तळाला स्किन (चढताना स्की मागे घसरू न देणारी पट्टी) लावून दोन-अडीच हजार फूट चढायचे, उजाडता उजाडता एक लांब उतरण करायची आणि नऊ वाजता कामावर हजर व्हायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे आणि त्याला ते ‘डॉन पॅट्रोल’ म्हणतात. त्यांचे घर, नोकरीच्या वेळा, मित्रमंडळी सगळे डोंगराभोवती बेतलेले आहे, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही तसेच राहायचे आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही रिसॉर्टमध्ये स्कीइंग शिकलो आणि मध्यम अवघड उतार नीट उतरता येतात. आमचा चढाईचा अनुभव पाहता बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टच्या हद्दीबाहेरच्या देखरेख नसलेल्या डोंगरात, थेट या मंडळींबरोबर जायला हरकत आहे का, की आधी काही शिकणे अनिवार्य आहे? आम्हाला पाच वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे धोक्याचा विचार पूर्वीपेक्षा वेगळ्या रीतीने करावा लागतो.

वॉसाचवासी:

तुमच्या अनुभवाचा उपयोग निश्चित होईल, पण जिथे व्हावा असे तुम्हाला वाटते तिथे तो होणार नाही. अंधारात निघण्याची सवय, दमसास, उघड्या कड्यावर डोके शांत ठेवणे, जोडीदाराशी मोजक्या शब्दांत स्पष्ट बोलणे या सगळ्या गोष्टी कामी येतात आणि नवख्या स्कीअरकडे त्या बहुधा नसतात. मात्र बॅककंट्रीत जीव जातो तो मुख्यतः हिमस्खलनाने, आणि हिमाचा अंदाज घेण्याच्या बाबतीत कातळाचा अनुभव उपयोगी पडत नाही; उलट तो खोटा आत्मविश्वास देतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कातळावर पकड चुकली तर तत्काळ कळते. हिमाच्या उतारावर निर्णय पूर्ण चुकीचा असूनही आपण मजेत खाली येतो, घरी जाऊन जेवतो आणि आपला निर्णय बरोबर होता असे समजून पुढच्या वेळी आणखी पुढे जातो. ज्याला धोका पत्करण्याची सवय आहे आणि जो आजवर सुखरूप राहिला आहे, अशा माणसाला हा सापळा सर्वांत आधी पकडतो.

वॉसाचमधील धोक्याचे स्वरूप समजून घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पहिला पातळ बर्फ पडतो आणि मग पुष्कळदा निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री येतात. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असते, तर पृष्ठभाग त्याहून कितीतरी थंड असतो. तापमानाच्या या फरकामुळे बर्फातील वाफ वर सरकते आणि तळाच्या कणांचे एकमेकांना न चिकटणारे, टोकदार स्फटिक बनतात. मुठीत दाबले तर त्यांचा गोळा होत नाही, जाड साखरेसारखे ते बोटांतून निसटतात. डिसेंबरमध्ये यावर मोठे वादळ येऊन दोन-तीन फूट बर्फ साचला की, ठिसूळ पायावर एक जड थर तोलून धरल्यासारखी अवस्था होते. उत्तरेकडे तोंड असलेल्या सावलीच्या उतारांवर असा कमकुवत थर कित्येक आठवडे टिकू शकतो. वरचा बर्फ मात्र अत्यंत सुंदर, हलका आणि मोह पाडणारा असतो.

बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि स्कीइंगची खरी मजाही नेमकी त्याच उतारांवर असते. कमकुवत थर सलग पसरलेला असेल तर आपण पायथ्याच्या सपाटीवर उभे असतानाही वरचा उतार सुटू शकतो. ‘मी स्वतः त्या उतारावर गेलो नव्हतो’ हे समाधान इथे लागू पडत नाही.

त्यामुळे पहिली सवय लावून घ्या ती युटा ॲव्हलांच सेंटरचे हिमस्खलनाविषयीचे अनुमान रोज सकाळी वाचण्याची. ही संस्था १९८० पासून काम करते. धोक्याच्या पाच पातळ्यांबरोबर त्यात एक चक्र दिलेले असते, ज्यावर कोणत्या दिशेच्या आणि किती उंचीवरच्या उतारांवर कोणता धोका आहे ते दाखवलेले असते. डोंगरात जायचे नसेल त्या दिवशीही ते वाचा, कारण जानेवारीतला उतार समजायचा असेल तर नोव्हेंबरपासूनची कहाणी ठाऊक असावी लागते. पाचांपैकी तिसऱ्या पातळीबद्दल विशेष सावध राहा. चौथ्या-पाचव्या पातळीला लोक मुळात बाहेरच पडत नाहीत. तिसरी पातळी मात्र ‘जमेल बहुतेक’ असे वाटायला लावते आणि अपघाती मृत्यूंचा मोठा वाटा त्याच दिवसांचा असतो.

याखेरीज लेव्हल वनचा (पहिल्या पातळीचा) तीन दिवसांचा हिमस्खलन अभ्यासक्रम दोघांनीही करावा. तो होईपर्यंत त्या मंडळींबरोबर जाऊ नका. ते कुशल असतीलही, परंतु ज्याला धोका दिसत नाही त्याला नको म्हणता येत नाही, आणि गटात नको म्हणू शकणारा प्रत्येक माणूस मोलाचा असतो.

दोन_डोंगर:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. साधनांबद्दल थोडी भर घालतो. बीकन (गाडलेल्या माणसाला संकेतावरून शोधण्याचे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब काठी) आणि फावडे या तीन वस्तू प्रत्येकाच्या अंगावर किंवा पाठीवर हव्यात, दोघांत मिळून एक संच चालत नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. ३५ मिनिटांनंतर ती सुमारे तीस टक्क्यांवर येते. म्हणजे बाहेरून येणारे बचाव पथक जवळपास नेहमीच उशिरा पोहोचते आणि जोडीदार हाच तुमचा बचाव पथक असतो. बीकन नवा आणि तीन अँटेनांचा घ्यावा. जुना बीकन घेतल्यास त्यात गळलेल्या सेलमुळे आतले पत्रे गंजलेले असू शकतात. बीकन प्रक्षेपण करत असताना फोन त्यापासून किमान २० सेंटिमीटर आणि शोध घेताना किमान ५० सेंटिमीटर लांब ठेवावा. हीटरचे हातमोजे आणि स्मार्टवॉच यांनाही हाच नियम लागू आहे, हे बरेच जण विसरतात.

स्की, बूट आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा भाग) पहिल्या मोसमात भाड्याने घ्या. बूट पायाला नीट बसला नाही तर बाकी सगळे व्यर्थ आहे. स्किनबद्दल एक बारीक गोष्ट सांगतो. माथ्यावर त्या सोडवल्यावर घडी घालून जॅकेटच्या आत, अंगाशी ठेवाव्यात. पिशवीत ठेवल्या तर गोंद गारठतो आणि दुसऱ्या चढाईला त्या स्कीला धरत नाहीत.

मुलीचा विषय निघाला म्हणून सांगतो, आमच्या ओळखीतील काही दांपत्ये एका दिवशी दोघांपैकी एकानेच बॅककंट्रीत जायचे असा नियम पाळतात. मला तो योग्य वाटतो.

बर्फाळ_पुणेकर:

मी पुण्यातच राहतो आणि हिवाळ्यात जमेल तसा गुलमर्गला जातो, त्यामुळे विषयाकडे जरा वेगळ्या बाजूने पाहतो. गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटर उंचीवर नेऊन सोडतो आणि तिथून कोणत्याही बाजूला स्की वळवली की, आपण लगेच बॅककंट्रीत असतो. उंची गाठायला दमावे लागत नाही म्हणून धोका कमी होत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर मरण पावले.

आमच्यासारख्यांचे दुखणे असे की, रजा मोजकी, तिकिटे आधी काढलेली, आणि आठवडाभरात परिस्थिती अनुकूल झाली नाही तरी रिकाम्या हाताने परतायचे जिवावर येते. मग अखेरच्या दिवशी माणसे स्वतःला पटवतात. तुमच्याजवळ जी गोष्ट आहे ती आम्हाला पैसे देऊनही मिळत नाही: तो डोंगर तुमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि पुढच्या मंगळवारीही तिथेच असणार आहे. डोंगराजवळ राहण्याचा अर्थ अधिक वेळा जाणे असा सगळे घेतात, पण अर्ध्या वाटेवरून परत फिरणे स्वस्त होते हा लाभ मला त्याहून मोठा वाटतो. जे मित्र रोज पहाटे जातात, ते कोणत्या दिवशी परत फिरले याची चौकशी करा. कधीच फिरले नसतील तर त्यांच्याबरोबर जाण्याविषयी मी दोनदा विचार करीन.

कातळवाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अभ्यासक्रमासाठी दोघांचीही नावे नोंदवत आहोत. एक शंका मात्र उरते, जी कदाचित प्रस्तरारोहकालाच सुचेल. संशयास्पद उतारावर जोडीदाराला दोराने बिले देऊन, म्हणजे त्याचा दोर धरून आधार देऊन, तो उतार तपासता येणार नाही का? आणि खड्डा खणून थर पाहण्याच्या पद्धतीबद्दल बरेच ऐकले आहे. त्यावर कितपत विसंबावे?

वॉसाचवासी:

धारेवर वाऱ्याने बाहेर लोंबणारा बर्फाचा छज्जा तपासण्यापुरता दोर वापरला जातो, पण संपूर्ण उतारासाठी नाही. हिमाचा थर सुटतो तेव्हा तडा बहुधा स्कीअरच्या वर जातो आणि अख्खी लादी एकदम निघते. त्या वजनापुढे बिले देणाऱ्याचे काहीच चालत नाही आणि दोघेही ओढले जाण्याची शक्यता राहते. दोराऐवजी अंतर हे इथले संरक्षण आहे. उतारावर एका वेळी एकानेच जायचे आणि बाकीच्यांनी खरोखर सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची. दांपत्याने एकत्र जाऊ नये हा वरचा नियम मला म्हणूनच फारसा पटत नाही. एकमेकांची देहबोली ओळखणारा जोडीदार अनोळखी तिसऱ्यापेक्षा चांगला, बशर्ते की दोघे एकाच वेळी उतारावर नसतील. हा निर्णय अर्थात तुमच्या घराचा आहे.

खड्डा जरूर खणायला शिका. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने ३० सेंटिमीटर असा बर्फाचा स्तंभ मोकळा करून त्याच्या एका टोकावर फावडे ठेवतात आणि आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा थापा मारतात. तडा क्षणात संपूर्ण स्तंभभर पसरला तर त्या दिवशी तीव्र उतारांचा विषय संपला. पण तडा गेला नाही म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही, कारण वाऱ्याने थराची जाडी वीस पावलांवर बदललेली असते. खड्डा जाऊ नका असे सांगू शकतो, जा असे सांगण्याचा अधिकार त्याला नाही.

पहिल्या हिवाळ्यात ३० अंशांखालचेच उतार निवडा. बिग कॉटनवुड कॅन्यनमध्ये मिल डी नॉर्थच्या बाजूला सौम्य उतारांच्या चांगल्या जागा आहेत, मात्र त्यांच्या डोक्यावर कुठे तीव्र उतार आहेत ते नकाशावर आदल्या रात्री पाहून ठेवा. शनिवारी वाहने लावायला जागा मिळत नाही, तेव्हा शक्य असेल तर आठवड्याच्या मधला दिवस निवडा.