डेटोना ५००: हॅमलिन घेऊ की बायरन? पैज एक किलो कुंद्याची

बोअरिंगवाला (उद्यमबाग)

प्रश्न साधा आहे, पण चार दिवस झाले डोक्यातून जाईना. येत्या रविवारी २०२६ ची डेटोना ५००, अमेरिकेतली नॅसकारची मोटार शर्यत. तिला मी डेनी हॅमलिन घेऊ की विल्यम बायरन?

मागचं थोडं सांगतो. बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटच्या पुढं आमचं वर्कशॉप आहे. ब्लॉक बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग. माणसं सहा. भाचा नोकरीला तिकडं अमेरिकेत शार्लटला. या सगळ्या मोठ्या टीमांचे कारखाने त्याच्या गावाच्या आसपासच आहेत. त्यानं मला नॅसकारचा नाद लावला आणि मी पोरांना. मोठी शर्यत असली की प्रत्येकानं एक ड्रायव्हर घ्यायचा, एकानं घेतलेला दुसऱ्यानं घ्यायचा नाही. ज्याचा ड्रायव्हर सहाजणांत सगळ्यात मागं येईल त्यानं किलोभर कुंदा, आमची बेळगावची मिठाई, आणायचा. आणि मागची पैज जो हरला त्याला पुढच्या वेळी पहिली निवड.

पहिली निवड माझी आहे. म्हणजे काय झालं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

२०२५ च्या नोव्हेंबरात फिनिक्सला सीझनची शेवटची शर्यत होती. पैज होती चॅम्पियन कोण होणार यावर, आणि मी हॅमलिन घेतला होता. त्या दिवशी ठरलेल्या ३१२ पैकी २०८ फेऱ्या तो सगळ्यांच्या पुढं होता. आमच्याकडं पहाट व्हायला आलेली, तीन फेऱ्या उरलेल्या. मला इतकी खात्री की मी चहा टाकायला उठलो. तेवढ्यात बायरनचं टायर गेलं, पिवळा झेंडा पडला, म्हणजे सगळ्यांनी हळू, आणि सगळे टायर बदलायला पिटमध्ये. हॅमलिनच्या माणसांनी चारी टायर बदलले, त्याच्याशी चॅम्पियनपदाला भिडलेल्या लार्सनच्या माणसांनी दोनच. हॅमलिन गर्दीत मागं अडकला, दोन फेऱ्यांत किती गाड्या ओलांडणार? लार्सन दिवसभरात एक फेरीसुद्धा पुढं नव्हता आणि चॅम्पियन तो! चहा उतू गेला तो वेगळाच.

बायरन आणि लार्सन दोघं हेंड्रिक टीमचे, म्हणून आमच्यातला एक पोरगा अजून म्हणालाय की ते टायर मुद्दाम घालवलं. मी तसं म्हणणार नाही. आयुष्यभर मशिनरीत हात घातलेत, नेमक्या वेळी जे जायचं ते जातंच.

हॅमलिनवर जीव आहे तो यासाठी. २००६ पासून पूर्ण सीझन पळतोय, २०२५ अखेर ६० शर्यती जिंकल्या, आणि चॅम्पियनपद एकदाही नाही. आमच्या वडलांची बैलजोडी होती. जत्रेच्या शर्यतीत निशाण हाताच्या अंतरावर असताना जुवाची शिवळ मोडली. लाकडाची एक काडी, दुसरं काय! बैल पुढं, छकडा मागं. त्यानंतर वडलांनी जोडी शर्यतीला नेली नाही. हॅमलिन मात्र दर फेब्रुवारीत परत येतो.

आता बायरनचं बघा. डेटोना ५०० त्यानं २०२४ ला जिंकली, २०२५ ला परत जिंकली. लागोपाठ तीन आजवर कुणाच्याच नावावर नाहीत. हॅमलिननं २०१९ आणि २०२० ला सलग जिंकल्या, २०२१ ला तिसरी हुकली. (त्याआधी २०१६ चीही त्याची. १० सहस्रांश, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग, एवढ्यानं जिंकला होता. आमच्या गेजवर त्याला आम्ही दहा मायक्रॉन म्हणू, एवढं बारीक.)

आणि माझी खरी अडचण ही आहे की इथं इंजिनवरून काही ठरवता येत नाही. एरवी मी इंजिन बघून बोललो असतो. ५.८ लिटरचा व्ही-८, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, पुशरॉड, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, तरी नऊ हजारांच्या वर आरपीएम! हे काम करणाऱ्या माणसाच्या पाया पडावं. पण डेटोनाला हवेचं तोंड आवळून ताकद ५१० हॉर्सपॉवरवर आणून ठेवतात. एरवी हीच गाडी ६७० किंवा त्याहून जास्त देते. मग सगळेच सारखे. अशा ठिकाणी बघायचं काय, ड्रायव्हर, टीम की नशीब?

छकडा (निपाणी)

अण्णा, शिवळीची गोष्ट वाचून पोटात कालवलं. आमच्यात आता लोखंडी शिवळा घालतात, पण मोडायचं ते दुसरं काहीतरी मोडतंच.

मी शर्यतीतला माणूस, बैलाच्या. मोटारीतलं मला पोरगा दाखवतो तेवढंच कळतं. पण एक सांगतो. आमच्याकडं प्रत्येक गाडीला आपली चाकोरी. शेजारचा कितीबी वाईट असूं दे, माझ्या जोडीला त्याचा ना फायदा ना तोटा. तुमच्या डेटोनाला तसं न्हाई. तिथं एकटी गाडी पळतच न्हाई. दोन गाड्या नाक-शेपूट लागल्या की दोन्ही पळतात. मग बघायचं काय? पुढचा कोण ते न्हाई, त्याच्या मागं कोण हाय ते बघा. मागून ढकलणारा आपल्या घरचा पायजे.

हेंड्रिकच्या चार गाड्या. लार्सन, एलियट, बायरन, बोमन. हॅमलिनच्या गिब्ज टीमच्या पण चार, आणि हॅमलिनला वर आणखी २३एक्सआय टीमवाले, कारण त्या टीमचा मालक तोच, मायकल जॉर्डनबरोबर भागीत. हे सगळे टोयोटावाले, म्हणजे भावकी मोठी. पण भावकी शेवटच्या फेरीला काय करती ते आपल्याला सांगायला नको.

२०२५ ला शेवटच्या फेरीत हॅमलिन आणि सिंड्रिक पुढं भांडालते. मागनं धक्का बसला, गुंतले सगळे, आणि बायरन वरच्या अंगानं मोकळा निघून गेला. तो पहिल्या पाचांत पण नव्हता मर्दा! ह्याला ड्रायव्हिंग म्हणायचं का नशीब? मी म्हणतो नजर. धुरळा उठला की बैल कुठल्या अंगाला घालायचा हे ज्याला कळतं तो खरा ड्रायव्हर.

माझं मत बायरन.

माराया

बिडो माराया. चार तास डावीकडं वळतात, ह्यात बघायचं काय? आणि 'स्टॉक कार' म्हणे. शोरूममधली कॅमरी अशी पळती काय?

बोअरिंगवाला (उद्यमबाग)

@माराया, दुसरं बरोबर बोललास. बिल फ्रान्सनं १९४८ ला संघटना काढली आणि १९४९ पासून खरंच दुकानातल्या गाड्या पळायच्या. आता नाव कॅमरी, पण दुकानातल्या कॅमरीचा एक बोल्ट आत सापडायचा नाही. २०२२ पासून तर चाकाला पाच नटही राहिले नाहीत, मधोमध एकच मोठा नट. टायर बदलायला लागणारा वेळ बघ, चार टायर आणि पेट्रोल मिळून दहा सेकंदांच्या आसपास. आमच्याकडं जॅक शोधायलाच पंधरा मिनिटं जातात.

पण 'डावीकडं वळतात' म्हणालास त्यासाठी ये एकदा वर्कशॉपात. मी पोरांना दाखवलेलं तुलाही दाखवतो. डेटोनाचं वळण ३१ अंश कललेलं आहे. ऐकून काही वाटत नाही. मी सर्फेस प्लेटवर एक पोलादी पत्रा बरोबर ३१ अंशांत उभा केला आणि त्यावर तेलकट नट ठेवला. हात सोडला तसा नट सरळ खाली, टणकन. दुसरा ठेवला, तोही खाली. एक पोरगा म्हणाला, "ह्याच्यावर गाडी चालवतात?" चालवतात, आणि बाजूला बोटभर अंतरावर दुसरी, तिच्या बाजूला तिसरी. ताशी तीनशेच्या आसपास.

सिम-रेसर (टिळकवाडी)

काका, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर स्टीअरिंग व्हील लावून रेसिंग करते, मेसची बाई मला 'गाडीवाली' म्हणते. त्यामुळे बायरनबद्दल मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगते. तो लहानपणी कार्टिंगमधून आला नाही, घरात बसून कॉम्प्युटरवर आयरेसिंग खेळत शिकला आणि मग खऱ्या गाडीत बसला. माझ्या आईला मी हे दर आठवड्याला ऐकवते.

तरीही माझं उत्तर बायरन नाही. हॅमलिनही नाही.

तुमची पैज परत वाचा. जिंकणारा कोण हे तुम्हाला ओळखायचंच नाही. सहाजणांत शेवटचा येऊ नये एवढंच बघायचं आहे! म्हणजे तुम्हाला जिंकणारा ड्रायव्हर नको, टिकणारा हवा. डेटोनाला शेवटच्या वीस-तीस फेऱ्यांत मोठा अपघात होतो तो पुढच्या घोळक्यात. हॅमलिन नेहमी पुढं असतो, म्हणूनच जिंकतो आणि म्हणूनच गुंततो. पुढं राहायची त्याची हौस तुमच्या कुंद्याला महागात पडेल.

आणि नावावर जाऊ नका. २०२१ ला मायकल मॅकडॉवेल जिंकला, फ्रंट रोसारख्या लहान टीमकडून. तोवर नॅसकारच्या सगळ्यात वरच्या कप सिरीजमध्ये त्यानं एकही शर्यत जिंकली नव्हती. २०२२ ला सिंड्रिक, तोही नवखा. २०२३ ला स्टेनहाउस, एका गाडीच्या टीमचा. उलट काइल बुश बघा, दोनदा चॅम्पियन, ६३ विजय, आणि डेटोना ५०० एकदाही नाही. लार्सनचंही तेच, इतका भारी ड्रायव्हर, पण या ट्रॅकवर त्याचं काही जमत नाही.

अजून एक. हल्ली मधल्या फेऱ्यांत सगळे मुद्दाम हळू चालवतात, पेट्रोल वाचवायला. पिटमध्ये वेळ टायरमुळे कमी आणि पेट्रोल भरण्यात जास्त जातो, म्हणून जो कमी पेट्रोल घेईल तो पुढं निघतो. कोल्हापूर हायवेला ट्रकच्या मागं मोटारसायकल धरली की अॅक्सिलरेटर हलका पडतो ना, तसंच. (हे करू नका. मी केलंय, ट्रकनं ब्रेक मारला तेव्हा देव आठवला.) त्यामुळे मधल्या शंभर फेऱ्यांत कोण कितवा आहे हे बघून रक्तदाब वाढवून घेऊ नका, झोपा काढा.

माझं नाव: मॅकडॉवेल. गपचूप मागं राहतो आणि गाडी घरी आणतो.

जुना शहापूरकर

मुलीचं गणित बिनचूक आहे. पण गणितानं डेटोना बघायची असेल तर पंचांग बघून पाऊस सांगावा.

मी १९९८ पासून या शर्यतीच्या मागं आहे, तेव्हा केबलवर कधीतरी अर्धा तास सारांश दाखवत. डेल अर्नहार्ट हा सात वेळचा चॅम्पियन. डेटोनाच्या ट्रॅकवर त्याच्याइतक्या शर्यती कुणी जिंकल्या नव्हत्या, पण ५०० तेवढी हाती लागत नव्हती. १९९० ला शेवटच्या फेरीत पुढं असताना टायर गेलं. एकोणीस वेळा हरला. विसाव्या वेळी, आदल्या दिवशी व्हीलचेअरवरच्या एका लहान मुलीनं त्याला एक सेंटचं नाणं दिलं, शुभ म्हणून. त्यानं ते डॅशबोर्डला चिकटवलं आणि जिंकला. पिटच्या रस्त्यानं परत येताना सगळ्या टीमांची माणसं, त्याला शिव्या देणारीसुद्धा, ओळीनं उभी राहून त्याच्या हाताला हात लावत होती. तीन वर्षांनी, २००१ ला, याच शर्यतीच्या शेवटच्या वळणावर तो गेला. त्यानंतर डोकं-मान धरून ठेवणारा पट्टा सगळ्यांना सक्तीचा झाला.

म्हणून मी कधी टिकणारा बघत नाही. मी तहानलेला बघतो. तुम्ही बुशला घ्या.

ता. क. शर्यत बघताना शेंगा खाऊ नका. नॅसकारवाले भुईमुगाच्या शेंगा अपशकुनी मानतात, पिटमध्ये टरफल दिसलं तर जुनी माणसं चिडायची. आमच्या घरात शेंगा फोडल्याशिवाय कुठलीच शर्यत, कुस्ती, इलेक्शन बघितलेलं नाही. कदाचित म्हणूनच माझा माणूस कधी जिंकत नाही.

छकडा (निपाणी)

शेंगाचं खरं की काय? आमची मंडळी बैलाला लिंबू-मिरची बांधतात, पण शेंगा म्हणजे अतीच झालं. १९५९ ला पहिल्याच शर्यतीला म्हणे निकाल लागायला तीन दिवस लागले, पोरगा सांगालाय. फोटो बघून बघून ली पेटीला दिली. आमच्याकडं तीन दिवस लावले असते तर मैदानात डोकी फुटली असती.

बोअरिंगवाला (उद्यमबाग)

सगळ्यांचे आभार. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत निवड झाली.

गाडीवाली पोरी, तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, मी पोरांना वाचूनही दाखवलं. तीच माझी चूक झाली. एकानं लगेच मॅकडॉवेल म्हणून खूण करून ठेवली. शहापूरकर, तुमचा बुश आमच्या वेल्डरनं घेतला, त्याला फक्त आठ नंबरची गाडी आवडते.

पहिली चिठ्ठी माझी होती. बायरन लिहायला पेन उचललं होतं, खरं सांगतो. मग अकरा लिहिलं, हॅमलिनचा नंबर. भाच्याला फोन केला तर तो हसत म्हणाला, "मामा, पुन्हा?" पुन्हा.

सगळ्यात लहान पोरानं बायरन घेतला आणि मला विचारालाय, "मालक, कुंदा रविवारीच आणून ठेवू या का? सोमवारी सकाळी दुकान उशिरा उघडतं."