विनोदी आत्मपर लेखातला 'मी' जरा जास्तच गोड असतो का?

चहाबाज:
पुलंचं 'हसवणूक' परत वाचतोय. हसू येतं ते येतंच, पण यावेळी एक गोष्ट खटकली. 'मी आणि माझा शत्रुपक्ष' घ्या, कोणी नवं घर दाखवायला धरून नेतो, कोणी फोटोंचे अल्बम काढून बसतो, कोणी प्रवासाच्या कहाण्या सांगून पिळतो, आणि हसं कोणाचं होतं तर त्यांचं. 'मी' आपला गरीब बिचारा सोशिक पाहुणा. बरं, स्वतःवर हसायची वेळ आली की ही मंडळी कबूल काय करतात? मी खादाड आहे, आळशी आहे, वजन उतरत नाही. अरे हे काय दोष झाले? हे तर लोक लग्नाच्या बायोडेटात लिहितील. चिकटपणा, जळकेपणा, बायकोवर उगाच चढवलेला आवाज, यातलं काही कधी सापडतं का? माझ्या मते हे स्वतःवर हसणं नाहीच, हे स्वतःचे लाड आहेत. या आता अंगावर.

गिरगाव_रिटर्न:
आलोच. विनोदी लेख म्हणजे कोर्टातला जबाब वाटला का तुला? 'असा मी असामी' (1964) मधला 'मी' चक्क धोंडो भिकाजी जोशी आहे, गिरगावच्या चाळीतला कारकून. पुलं स्वतः वाढले पार्ल्यात, शिकले पार्ले टिळकमध्ये, बेळगावला कॉलेजात शिकवलं. म्हणजे तो 'मी' रचलेला आहे हे उघड आहे ना! चाळ सुटते, ब्लॉक येतो आणि त्या नव्या थाटामाटात या माणसाची जी तारांबळ उडते ती आमच्या घरात तीन पिढ्यांनी बघितलीय. पापं मोजायची असतील तर चित्रगुप्ताकडे जा, विनोदी लेखकाकडे कशाला?

कुरडई:
वाचतं कोण, सगळे ऐकतात. पुलंचा आवाज काढून घ्या आणि कागदावर वाचून बघा, निम्मं हसू गायब. (पळते आता)

माजघर:
चहाबाजचं दुखणं खरं आहे पण औषध चुकीच्या कपाटात शोधतोय. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाच, 1934 ते 36 मध्ये आली. वडिलांचं सोवळं इतकं की बाजारातून आलेली वस्तू धुवायची, आणि ते सगळं बाई अशा सांगतात की आपण हसतो आणि मग त्या घरात लहान मूल असणं म्हणजे काय ते कळून गप्प होतो. 1895 ला नवरा, कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती झाले, संसार मोडल्यात जमा. पुढे बाई त्यांच्याकडे राहायला गेल्या त्या स्वतःचं सोवळं बरोबर घेऊनच, स्वयंपाक वेगळा, शिवाशिव चालू. आता हा दोष गोड आहे का? अजिबात नाही, आज वाचताना लाज वाटावी असा आहे. तरी त्यांनी तो झाकला नाही की त्यावर प्रवचनही झोडलं नाही, आपलीच फजिती म्हणून सांगून टाकला. शाळेचं तोंड न बघितलेली बाई हे करू शकते, मग नामवंतांना काय झालंय?

गिरगाव_रिटर्न:
ते आत्मचरित्र आहे हो ताई. दिवाळी अंकातल्या सहा पानांत कोण एवढं सांगणार? जागा नको का?

माजघर:
जागेचं कारण नका सांगू. आईस्क्रीम किती खाल्लं त्याला दोन पानं मिळतात. शिवाय त्या लेखांतली 'सौ.' बघा, बोलते ती फक्त टोमणा मारायला. तिची बाजू यायला अख्खं वेगळं पुस्तक लागतं. 1990 ला पुलंच्या बायकोचं, सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा किती वाचकांना राग आला होता आठवा. आपल्याला घरातला पुलं नकोच होता, स्टेजवरचाच हवा होता.

चहाबाज:
हेच तर म्हणतोय मी! लेखक लाड करून घेतो कारण आपण वाचक ते पुरवतो.

गिरगाव_रिटर्न:
मग पुरवू. दिवसभर ऑफिसात बोलणी खाऊन आलेल्या माणसाला रात्री वाचायला खादाड, आळशी माणूसच लागतो. जळक्या माणसाबरोबर आठ तास काढूनच आलेला असतो तो.

माजघर:
आणि त्याची बायको काय वाचते रात्री?

कुरडई:
ती भांडी आवरतेय, थांबा जरा.