सगळं श्रेय एंडॉर्फिनला नको
व्यायामानं मन शांत होतं का, या इथल्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, की धावून आल्यावरची शांतता ही सगळी एंडॉर्फिनची, म्हणजे शरीरातच बनणाऱ्या वेदनाशामक रसायनाची, करामत. अर्धंच पटलं. रक्तातलं एंडॉर्फिन वाढतं हे खरं, पण ते मेंदूत सहजासहजी शिरत नाही. हॅम्बुर्गच्या संशोधकांनी ६३ जणांवर केलेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारं नाल्ट्रेक्सोन हे औषध देऊन लोकांना ४५ मिनिटं पळवलं, तरी पळाल्यावर त्यांना प्रसन्न वाटलं आणि चिंताही कमी झाली. त्यामुळे आता लक्ष आहे ते एंडोकॅनाबिनॉइड्सकडे. भांगेतलं द्रव्य मेंदूत जिथे चिकटतं तिथेच हे चिकटतात, फक्त ते आपलं शरीरच बनवतं. शिवाय ते स्निग्ध, म्हणून मेंदूत सहज पोचतात.

आणि व्यायामाच्या वेगाबद्दल इथे कुणीच बोललं नाहीये! पर्वतीच्या पायऱ्या धापा टाकत चढले की मला वर नुसती धडधड आणि चिडचिड होते. तेच कालव्याच्या कडेनं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीनं पाऊण तास चालले, की दिवसभर आवळलेला जबडा आपोआप सैल पडतो. याच चर्चेत ‘व्यायामानं उलट बेचैनी वाढते’ म्हणणाऱ्या ताईंनी आधी वेग कमी करून बघावा, अगदी मनापासून सांगते.